घरी वाढवलेली कोवळी पालेभाजी: मोड, अंकुर आणि मायक्रोग्रीन्सविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मेथी, मोहरी, मुळा, राजगिरा यांची कोवळी रोपे घरात वाढवून खाण्याविषयी जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, त्यांची उत्तरे येथे एकत्र केली आहेत. सोपे प्रश्न आधी आणि अडचणीचे नंतर, असा क्रम ठेवला आहे. एकाच गोष्टीचा खुलासा दोनदा होऊ नये म्हणून आवश्यक तेथे दुसऱ्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. मोड आणि मायक्रोग्रीन्स एकच ना? आम्ही तर मटकीला रोज मोड आणतो.

दोन्हींची सुरुवात भिजलेल्या बीपासूनच होते, परंतु खाण्याचा भाग आणि वाढवण्याची रीत वेगळी आहे. मोड आणताना बी ओलसर कापडात, अंधारात आणि उबेत ठेवतात आणि दोनतीन दिवसांत बी, साल व मूळ यांसकट संपूर्ण दाणा खातात. मायक्रोग्रीन्ससाठी बी माती, कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) किंवा वाळूच्या पातळ थरावर पेरतात, रोपाला उजेड व वारा मिळू देतात आणि पहिली दोन पाने उघडून हिरवी झाली की देठ मुळाच्या वर कापून घेतात. या फरकाचा सुरक्षिततेशी थेट संबंध आहे. तो प्रश्न १३ मध्ये सविस्तर दिला आहे.

२. पहिल्यांदाच करत आहे. कोणत्या बियांपासून सुरुवात करू?

मोहरी, मेथी आणि मुळा यांपासून सुरुवात करावी. तिन्ही लवकर उगवतात आणि थोडेफार कमीजास्त पाणी सहन करतात. मुळा साधारण सहा ते आठ दिवसांत, मोहरी सात ते दहा दिवसांत आणि मेथी आठ ते बारा दिवसांत कापण्याजोगी होते. राजगिरा आणि लाल माठ दिसायला अतिशय सुंदर असतात, त्यांचे गुलाबी देठ ताटात उठून दिसतात; मात्र बी फार बारीक असल्याने पाणी देताना ते वाहून जाते, म्हणून हात बसल्यावर त्यांच्याकडे वळावे. धणे आणि पालक यांना धीर लागतो. पालकाचे बी तीस अंशांच्या वरच्या तापमानात नीट उगवत नाही, त्यामुळे त्याची पेरणी थंडीतच करणे योग्य.

३. किराणा दुकानातले मेथीदाणे आणि मोहरी चालतात का, की कृषी सेवा केंद्रातून बियाणे आणावे?

खाण्यासाठी विकले जाणारे अख्खे दाणे चालतात. किंबहुना माहितीतल्या दुकानातले स्वच्छ, नवे दाणे हा घरासाठी चांगला पर्याय आहे. शेतात पेरण्यासाठीच्या बियाण्याला बहुतेक वेळा बुरशीनाशक चोळलेले असते आणि ते ओळखू यावे म्हणून त्याला गुलाबी, निळा किंवा हिरवा रंग दिलेला असतो. असे बियाणे कितीही धुतले तरी या कामासाठी वापरू नये. मुळ्याचे किंवा माठाचे बी किराण्यात मिळत नाही. ते विकत घेताना प्रक्रिया न केलेले बी मागावे आणि पाकिटावरील मजकूर वाचावा. या एका बाबतीत तडजोड करू नये, कारण रोप अवघ्या आठवड्याभरात पोटात जाणार असते आणि औषधाचा अंश नाहीसा होण्याइतका काळ मध्ये जातच नाही.

किराण्यातले दाणे न उगवण्याची कारणे तीन असतात: दाणे जुने असणे, वाफेची प्रक्रिया झालेली असणे किंवा जंतू व कीड मारण्यासाठी विकिरण दिलेले असणे. मसाल्यांवर विकिरण करणारे केंद्र नवी मुंबईत वाशी येथे २००० सालापासून आहे. परदेशी दुकानांत मिळणाऱ्या पाकीटबंद मसाल्याच्या बियांवर वाफेची प्रक्रिया केलेली असू शकते. म्हणून मोठी पेरणी करण्यापूर्वी वीस दाणे ओल्या रुमालात गुंडाळून ठेवावेत. चार दिवसांत सोळा-सतरा उगवले तर ते बी घ्यावे. दहापेक्षा कमी उगवले तर ते फोडणीसाठी ठेवावे, कारण न उगवलेले दाणे ट्रेमध्ये कुजतात आणि शेजारच्या रोपांनाही बाधा पोहोचवतात.

४. नेमके साहित्य काय लागते? महागडे किट घ्यावे का?

किट घेण्याची गरज नाही. मिठाईचा पसरट प्लास्टिकचा डबा, त्याच्या तळाला तापलेल्या सुईने पाडलेली भोके, खाली पाणी साचण्यासाठी एक ताट आणि पाण्याचा फवारा एवढ्यावर काम भागते. डब्यात तीन ते चार सेंटिमीटर जाडीचा थर पुरतो. कोकोपीट वापरायचे असल्यास ते आधी दोनतीन पाण्यांतून काढून पिळावे, कारण त्यात क्षार असू शकतात. कोकोपीटमध्ये पाव भाग पूर्ण कुजलेले गांडूळ खत मिसळले तर पुरेसे होते. कच्चे शेणखत मात्र अजिबात घालू नये. कापलेली पाने कच्ची खायची असतील तर ते धोक्याचे आहे.

५. पेरणीची पद्धत मापासकट सांगाल का?

साधारण वीस बाय तीस सेंटिमीटरच्या डब्यासाठी मोहरी चहाचे दोन चमचे, मुळ्याचे बी एक मोठा चमचा आणि मेथी दोन मोठे चमचे घ्यावी. मेथी आणि मुळा सहा ते आठ तास भिजवून, दोनदा धुऊन निथळावेत. मोहरी कोरडीच पेरावी. बी दाट पण एका थरात, दाण्यावर दाणा येणार नाही असे पसरावे आणि तळहाताने हलके दाबावे. वर माती टाकू नये. फवाऱ्याने ओले करून वर दुसरा रिकामा डबा उलटा न ठेवता सरळ, बियांवर वजन बसेल असा ठेवावा आणि त्यात पाण्याचा पेला ठेवावा. या वजनामुळे मुळे खाली नीट रुजतात आणि टरफले मागे राहतात.

दोन-तीन दिवसांनी पिवळट अंकुर वरचा डबा उचलू लागले की तो काढून रोपे उजेडात आणावीत. त्यांचा पिवळेपणा पाहून घाबरू नये. उजेडात काही तासांतच पाने हिरवी होऊ लागतात. यापुढे वरून फवारा न मारता खालच्या ताटात पाणी घालावे, अर्ध्या तासाने उरलेले ओतून द्यावे. कापणीच्या आदल्या रात्रीपासून पाणी बंद केल्यास भाजी कोरडी व टिकाऊ मिळते.

६. धणे दोन वेळा पेरले, एकही उगवला नाही. काय चुकते?

अख्खा धणा हे प्रत्यक्षात फळ असून त्यात दोन बिया असतात. तो चप्पलेने किंवा लाटण्याने हलका रगडून दोन शकले करण्याची आपल्याकडची जुनी रीत याच कारणासाठी आहे. जोर इतकाच द्यावा की शकले वेगळी होतील, भुगा होणार नाही. रगडलेले धणे बारा तास भिजवावेत आणि मेथीपेक्षा थोडे खोल, अर्धा सेंटिमीटर झाकून पेरावेत. उगवायला आठ ते बारा दिवस आणि कापणीस येण्यास तीन आठवडे लागतात. एप्रिल-मेच्या उन्हाळ्यात धणे फार कमी उगवतात. वीस अंशांच्या आसपासचे तापमान त्यांना मानवते. शिवाय बाजारातले काही धणे जुने असतात, म्हणून प्रश्न ३ मधील चाचणी येथे विशेष उपयोगी पडते, मात्र चार दिवसांऐवजी बारा दिवस थांबावे.

७. अळीव भिजवले की चिकट गोळा होतो. पेरायचे कसे?

अळीव भिजवूच नये. पाणी लागताच त्याच्याभोवती बुळबुळीत आवरण तयार होते. सब्जा आणि जवस यांचेही तसेच. ओल्या कोकोपीटवर किंवा चांगल्या भिजवलेल्या जाड सुती कापडावर कोरडे बी चिमटीने भुरभुरावे आणि फवारा मारावा. ते आवरणच बीला जागेवर धरून ठेवते. अळिवाची कोवळी पाने तिखट, झणझणीत लागतात आणि आठ ते दहा दिवसांत मिळतात. बाळंतिणीला अळिवाचे लाडू देणाऱ्या घरांतही त्याची पालेभाजी फारशी कोणी केलेली नसते, ही मोठी उणीव आहे.

८. मुंबईत छोट्या जुड्यांत मिळते ती समुद्रमेथी घरी करता येईल का?

निश्चित करता येते. समुद्रमेथी हे वेगळे पीक नाही. किनाऱ्याजवळच्या वाळूत मेथी अतिशय दाट पेरून, दोन पानांवर आल्यावरच मुळासकट उपटून तिच्या बारीक जुड्या बांधतात. मायक्रोग्रीन्स हा शब्द आपल्याकडे येण्याच्या पुष्कळ आधीपासून मुंबईकर ही भाजी खात आले आहेत, आणि तरीही या विषयावर लिहिताना तिचा उल्लेख क्वचितच होतो, याचे वाईट वाटते.

घरी करण्यासाठी बांधकामाची बारीक वाळू पाणी नितळ दिसेपर्यंत धुऊन घ्यावी आणि डब्यात तीन सेंटिमीटर पसरावी. समुद्रकिनाऱ्यावरची वाळू आणू नये, कारण तिच्यात मीठ आणि सांडपाण्याची घाण असू शकते. वाळूत अन्नद्रव्ये जवळजवळ नसतात, तरी अडत नाही. या वयातले रोप मुख्यत्वे बीमधील साठ्यावरच वाढते. वाळू लवकर कोरडी होते म्हणून दिवसातून दोनदा फवारा द्यावा. उपटल्यावर मुळे कापून पाने भरपूर पाण्यात बुडवून चाळावीत, वर तरंगणारी भाजी हाताने उचलून घ्यावी, तळातले पाणी ओतून द्यावे आणि तळाशी वाळूचा कण दिसेनासा होईपर्यंत हे करावे. चाळणीत धरून वरून पाणी सोडल्यास वाळू पानांतच अडकते आणि घासाला कचकच लागते.

९. आमच्या फ्लॅटमध्ये थेट ऊन येत नाही. तरी जमेल का?

जमेल. पूर्वेच्या खिडकीतला दोन-तीन तासांचा कोवळा प्रकाश उत्तम, परंतु खिडकीजवळचा लख्ख उजेडही चालतो. रोपे लांब, पांढुरकी आणि एका बाजूस झुकलेली दिसली तर उजेड कमी पडत आहे असे समजावे आणि डबा रोज फिरवावा. खिडकीच नसेल तर साधी एलईडी ट्यूब रोपांपासून वीतभर अंतरावर दिवसाचे बारा तास लावावी. कडक दुपारचे ऊन मात्र टाळावे. मार्चनंतर तासाभरात रोपे माना टाकतात. थंड देशांत राहणाऱ्यांनी उगवण होईपर्यंत डबा फ्रिजच्या वर किंवा हीटरपासून थोड्या अंतरावर ठेवावा.

१०. मुळांभोवती पांढरी लव आली आहे. ही बुरशी असेल तर सगळे फेकू का?

फेकण्याआधी फवारा मारून पाहावा. मुळा आणि मोहरी यांच्या कोवळ्या मुळांना तिसऱ्या दिवशी अत्यंत बारीक केस फुटतात आणि ते मुळाभोवती सारख्या प्रमाणात, ब्रशच्या केसांसारखे उभे दिसतात. पाणी लागताच ते मुळाला चिकटून दिसेनासे होतात. बुरशी पाण्याने नाहीशी होत नाही. ती कोळ्याच्या जाळ्यासारखी एका रोपावरून दुसऱ्यावर आणि मातीवरही पसरते, कुबट वास येतो आणि देठ हाताला बुळबुळीत लागतो. अशी खरी बुरशी आढळल्यास तो डबा संपूर्ण टाकून द्यावा, तेवढाच कोपरा काढून उरलेला खाऊ नये.

११. पावसाळ्यात रोपे बुडाशी कुजून कोलमडतात. उपाय काय?

हा रोग दमट हवा, साचलेले पाणी आणि अति दाट पेरणी यांमुळे होतो. जमिनीतील बुरशी देठाच्या बुडाशी शिरते, तेथे तो भाग बारीक व तपकिरी होतो आणि रोप आडवे पडते. जून ते सप्टेंबर या काळात बियांचे प्रमाण एक चतुर्थांशाने कमी करावे, फक्त खालून पाणी द्यावे आणि रोपांवर दिवसातून काही तास पंख्याचा मंद वारा सोडावा. डबे प्रत्येक पेरणीआधी साबणाने धुऊन उन्हात वाळवावेत. औषध फवारण्याचा विचारही करू नये. कोकणासारख्या सततच्या दमट हवेत, जेथे कपडेही वाळत नाहीत, तेथे श्रावण सरेपर्यंत केवळ मुळा आणि मोहरी घ्यावी, कारण ती बुरशीला संधी मिळण्याआधीच तयार होतात.

१२. कापणी केव्हा करावी, आणि कापल्यावर पुन्हा फुटतात का?

पहिली दोन दले (बीमधून निघणारी पहिली दोन पाने) पूर्ण उघडली आणि त्यांच्यामध्ये खऱ्या पानाचे टोक दिसू लागले की ती योग्य वेळ. मुळा आणि मोहरी त्यानंतर लवकर जरड व फार तिखट होतात. मेथी खऱ्या तीन पानांपर्यंत थांबवली तरी चालते, पण कडवटपणा वाढतो. स्वच्छ कात्रीने मातीपासून एक-दोन सेंटिमीटर वर कापावे. दलांच्या खाली कापल्यामुळे वाढीचा कोंबच जातो, त्यामुळे बहुतेक रोपे पुन्हा फुटत नाहीत. वाटाणा याला अपवाद आहे: सर्वांत खालचे पान ठेवून त्याच्या वर कापल्यास दुसऱ्यांदा कोंब येतात, जरी ते पहिल्याइतके भरघोस नसतात.

१३. ही भाजी कच्ची खाणे खरोखर सुरक्षित आहे का?

निरोगी प्रौढ व्यक्तीने स्वच्छतेने वाढवलेली मायक्रोग्रीन्स कच्ची खाण्यास हरकत नाही. परंतु मोडांच्या बाबतीत हे तितक्या खात्रीने म्हणता येत नाही. बीच्या सालीच्या बारीक भेगांत जंतू असतील तर ते धुण्याने पूर्ण जात नाहीत, आणि मोड येण्यासाठी लागणारी ऊब व ओल त्या जंतूंच्या वाढीलाही तितकीच पोषक असते. २०११ मध्ये जर्मनीत ई. कोलाय जंतूंच्या साथीत ३,८०० हून अधिक लोक आजारी पडले आणि ५० हून अधिक दगावले. त्या साथीचा माग कच्च्या मोडांपर्यंत, आणि पुढे इजिप्तमधून आलेल्या मेथीच्या बियांपर्यंत लागला. जपानमधील साकाई शहरात १९९६ साली हजारो शाळकरी मुले आजारी पडली, तेव्हा संशय मुळ्याच्या कोवळ्या अंकुरांवर आला होता.

आपल्या घरांत मटकीची उसळ शिजवून करतात, त्यात मोठे शहाणपण आहे, कारण उकळी आल्यावर हा धोका जातो. मायक्रोग्रीन्समध्ये बी व मूळ खाल्ले जात नाही आणि रोपे मोकळ्या हवेत वाढतात, म्हणून धोका कमी असतो, शून्य नसतो. गर्भवती, पाच वर्षांखालील मुले, वृद्ध, कर्करोगाचे उपचार घेणारे किंवा अवयव प्रत्यारोपण झालेले यांनी मोड कच्चे खाऊ नयेत आणि कोवळी पानेही वाफवून किंवा परतूनच खावीत. व्हिनेगर किंवा मिठाच्या पाण्यात बुडवल्याने सर्व जंतू मरतात, हा समज चुकीचा आहे.

१४. कोणत्या बियांची कोवळी रोपे मुळीच खाऊ नयेत?

टोमॅटो, वांगी, मिरची आणि बटाटा या एका कुळातील रोपांची पाने खाऊ नयेत. त्यांत विषारी अल्कलॉइडे असतात. मिरचीची पाने काही प्रांतांत शिजवून खातात, तरी घरगुती प्रयोगासाठी ती टाळलेली बरी. राजम्याचे मोड कच्चे खाल्ल्यास त्यातील लेक्टिनमुळे काही तासांतच तीव्र उलट्या-जुलाब होतात. राजमा भिजवून, ते पाणी टाकून, खळखळ उकळूनच खावा. वालाचे बिरडे आपण सोलून शिजवतो, ते तसेच करावे. ज्वारीच्या कोवळ्या रोपात सायनाइड तयार करणारा घटक असतो, ज्यामुळे कोवळी ज्वारी चरलेली जनावरे दगावतात. लाखेच्या डाळीच्या बियाही या कामी घेऊ नयेत. कुट्टूची कोवळी पाने रोज भरपूर खाल्ल्यास त्वचा उन्हाला अतिसंवेदनशील होऊ शकते.

१५. नवरात्रात घटाभोवती उगवलेले धान खाता येईल का? गव्हाचा रस तर लोक पितातच.

खाऊ नये. घटासाठी आणलेली माती शेतातली किंवा वारुळाची असते, तिच्यात काय आहे हे सांगता येत नाही. अनेक घरांत पेरणीत ज्वारीही असते, आणि तिचे कारण प्रश्न १४ मध्ये दिले आहे. शिवाय नऊ दिवस झाकलेल्या, ओल्या जागेत बुरशी सहज धरते. ते धान देवाला वाहावे, दसऱ्याला टोपीत किंवा फेट्यात खोवावे. गव्हांकुर हवे असतील तर निवडलेला गहू वेगळ्या डब्यात, स्वच्छ कोकोपीटवर पेरावा.

१६. मोठ्या भाजीपेक्षा यांत चाळीस पट जीवनसत्त्वे असतात, हे खरे का?

हा आकडा संदर्भ सोडून फिरतो. अमेरिकेत २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात २५ प्रकारची मायक्रोग्रीन्स तपासली गेली. त्यांत क जीवनसत्त्व दर १०० ग्रॅममागे सुमारे २० ते १४७ मिलिग्रॅम, म्हणजे प्रकारानुसार सातपट कमीजास्त आढळले. लाल कोबी सर्वांत वर होता. कोथिंबिरीत कॅरोटिनॉइड्स (पिवळी-नारिंगी रंगद्रव्ये), तर मुळ्यात ई जीवनसत्त्व अधिक होते. ही गुणवत्ता मोलाची आहेच. मात्र ताटात पडते ती मूठभर, वीस-पंचवीस ग्रॅम. उलट मेथीची भाजी माणूस शंभर ग्रॅम सहज खातो. म्हणून या मूठभर पानांनी पालेभाजीची जागा घेऊ नये, तिच्यासोबत ताटात यावे.

१७. मधुमेह, थायरॉइड, मुतखडा किंवा रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर?

मेथीमुळे रक्तातील साखर उतरू शकते, म्हणून इन्सुलिन किंवा गोळ्या घेणाऱ्यांनी रोज मोठ्या प्रमाणात सुरू करण्यापूर्वी डॉक्टरांना सांगावे. वॉरफेरिन घेणाऱ्यांनी हिरव्या पानांचे प्रमाण अचानक वाढवू किंवा कमी करू नये, कारण त्यांतील के जीवनसत्त्वाचा या औषधावर परिणाम होतो. ऑक्झलेटचे मुतखडे होणाऱ्यांनी राजगिरा, माठ व पालक मर्यादेत घ्यावेत. थायरॉइडचा त्रास असणाऱ्यांना मूठभर मोहरी-मुळ्याने सहसा काही होत नाही. शंका असल्यास ती पाने परतून खावीत. अल्फाल्फाचे (लसूणघासाचे) मोड ल्यूपसच्या, म्हणजे प्रतिकारशक्ती शरीरावरच उलटण्याच्या आजाराच्या, रुग्णांनी टाळावेत.

१८. सॅलड आमच्या घरी कोणी खात नाही. मग या पानांचे करायचे काय?

सॅलडची गरजच नाही. विदर्भ-मराठवाड्यात कच्च्या मेथीचा घोळाणा करतात. कोवळ्या मेथीचा तो फार रुचकर होतो. पाने चिरू नयेत, अख्खीच घ्यावीत, त्यांत बारीक चिरलेला कांदा, भरड दाण्याचे कूट, मीठ, तिखट आणि कच्चे तेल घालून बोटांनी हलके कालवावे आणि भाकरीसोबत लगेच खावे, कारण दहा मिनिटांत त्याला पाणी सुटते. समुद्रमेथी लसूण-कांद्यावर दोन मिनिटे परतली की पुरे; झाकण ठेवल्यास तिचा लगदा होतो. मुळ्याची पाने दह्याच्या कोशिंबिरीत, मोहरीची पिठल्यावर गॅस बंद केल्यावर, राजगिऱ्याची थालीपिठाच्या पिठात घालावीत. वरणावर वरून घातलेली अळिवाची पाने आणि लिंबाची फोड एवढ्यानेही जेवणाची चव पालटते, आणि लिंबामुळे पानांतील लोह शरीराला अधिक मिळते.

१९. कापलेली पाने किती दिवस टिकतात?

न धुता, कोरड्या सुती कापडाच्या घडीत गुंडाळून बंद डब्यात ठेवल्यास फ्रिजमध्ये चार ते पाच दिवस टिकतात. धुणे खाण्याच्या वेळीच करावे. वास बदललेली किंवा चिकट झालेली पाने शिजवूनही खाऊ नयेत. खरे तर कापून साठवण्यापेक्षा चार-चार दिवसांच्या अंतराने छोटे डबे पेरावेत आणि लागेल तेवढेच कापावे.

२०. कापणीनंतर उरलेल्या मुळांच्या गादीवर लगेच दुसरी पेरणी करता येते का?

करू नये. कुजणारी मुळे बुरशीला आमंत्रण देतात. ती गादी उलटी करून कुंडीच्या मातीत किंवा कंपोस्टच्या डब्यात टाकावी. दीड-दोन महिन्यांत ती पूर्ण कुजते आणि मग ते खत टोमॅटो-मिरचीच्या कुंड्यांना घालता येते. समुद्रमेथीची वाळू मात्र मुळे चाळून काढून, धुऊन आणि कडक उन्हात दोन दिवस वाळवून पुन्हा वापरता येते.